कुत्रा चावल्याची भरपाई : एक पाळीव, एक मोकाट, नागपुरात कुणाकडे आणि कशी मागायची?

फाइलवाला_नागपूर

दोन फाइली तयार करायच्या आहेत. जाणकारांनी कागद आणि क्रम सांगावा.

पहिली फाइल. घरकाम करणाऱ्या बाई, वय 41, वजन 52 किलो, सहा घरची कामं, महिन्याचे मिळून 13,500 रुपये. लेआउटमधल्या कामाच्याच एका घरी सकाळी फाटकातून आत शिरताना मोकळ्या जर्मन शेफर्डने डावा हात कोपराखाली धरला. एक जखम साधारण साडेतीन सेंमी, मांस निघालेलं, दुसरी लहान पण खोल, बाकी ओरखडे. 22 दिवस काम बंद. दोन घरांनी तेवढ्यात दुसरी बाई लावून घेतली. पक्की बिलं 14,600 रुपयांची. मालकांचं उत्तर ठरलेलं आहे : इंजेक्शनचे पैसे देतो, फाटकावर पाटी आहे, कुत्र्याचं लसीकरण झालेलं आहे. ठाण्यात तोंडी सांगितलं होतं, कुणी काही लिहून घेतलं नाही.

दुसरी फाइल. मुलगा, वय 8, वजन 22 किलो. नेहरूनगर झोन. शिकवणीहून येताना गल्लीतल्या मोकाट टोळक्यातल्या एका कुत्र्याने पोटरीचा चावा घेतला. याच टोळक्याबद्दल आधी तीनदा ऑनलाइन तक्रार झाली होती, तिन्हींवर 'निकाली' शेरा आहे. एक ताई या कुत्र्यांना रोज पोळ्या घालतात. गल्लीचं म्हणणं, भरपाई त्यांच्याकडूनच घ्या. चाव्याला सात आठवडे झालेत.

पोलीस, मनपा, दिवाणी कोर्ट यांपैकी आधी कुठे जायचं? आणि आकडा कसा काढायचा?

---

न्यायमंदिर_कट्टा

दोन्ही फाइली आधी वेगळ्या करा, अगदी पिशवीसुद्धा वेगळी ठेवा. मालक असलेल्या कुत्र्याचा दावा माणसावर चालतो, मोकाट कुत्र्याचा महानगरपालिकेवर, आणि दोघांची मुदत वेगळी आहे. मालकाविरुद्ध नुकसानभरपाईच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात. मनपाविरुद्ध महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 487 आडवं येतं : आधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि घटनेपासून सहा महिन्यांत दावा. म्हणजे घाई दुसऱ्या फाइलीची आहे, पहिलीची नाही. बहुतेक लोक उलटं करतात. मालक समोर दिसतो म्हणून त्याच्याशी भांडत बसतात आणि तेवढ्यात मनपाची मुदत उलटते.

आता पहिली फाइल. तोंडी सांगितलेलं ठाण्यात कुठेच नसतं. दोन प्रतींत अर्ज लिहा, एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. अर्जात तारीख, वेळ, फाटक उघडं होतं की बंद, कुत्रा साखळीला होता का, त्या वेळी घरातलं कोण कुठे उभं होतं, आणि त्या बाई रोज किती वाजता येतात हे मालकाला माहीत होतं, एवढं हवंच. शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. निष्काळजीपणा उभा राहतो तो तिथेच : साडेआठला बाई येणार हे रोजचं ठाऊक असताना सव्वाआठला कुत्रा मोकळा सोडला.

कलमं भारतीय न्याय संहितेची. कलम 291 हे पाळलेल्या जनावराबाबत पुरेशी खबरदारी न घेतल्याचं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे, तेव्हा 'एनसी (अदखलपात्र नोंद) करून देतो' म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. दुसरं कलम 125, निष्काळजी कृत्याने दुखापत. साधी दुखापत असेल तर 125 (अ), गंभीर असेल तर 125 (ब), ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि इथे तुमचे 22 दिवस कामाला येतात. जुन्या भारतीय दंड विधानात 20 दिवस तीव्र वेदना किंवा रोजचं काम करता न येणं ही गंभीर दुखापतीची एक कसोटी होती. नव्या संहितेच्या कलम 116 मध्ये ती 15 दिवसांवर आली आहे. मात्र हे 22 दिवस त्या बाईंच्या तोंडून येऊन भागत नाही. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हाताने काम करण्यास असमर्थ' असं डॉक्टरांच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह हवं.

ठाणेदार ऐकत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 (4) खाली तीच हकीकत लेखी स्वरूपात झोनच्या पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवा. तिथूनही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. स्पीड पोस्टची पावती आणि पोच फाइलला लावा. एफआयआर झाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. दोष सिद्ध झाला तर कोर्ट याच सुरक्षा संहितेच्या कलम 395 खाली भरपाई देऊ शकतं, पण ती नंतर दिवाणी दाव्याच्या रकमेत जमेला धरली जाते. एफआयआरचा खरा उपयोग पुराव्यासाठी आहे : पंचनामा होतो, कुत्रा कुणाचा हे नोंदलं जातं, इजा प्रमाणपत्र अधिकृतपणे मागवलं जातं.

पाटीबद्दल. 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी मालक ढाल म्हणून पुढे करतात. ती त्यांच्यावरच उलटते. कुत्रा अंगावर जातो हे त्यांना ठाऊक होतं, याचा याहून चांगला कागद तुम्हाला शोधून सापडणार नाही. चोराला पाटी दाखवा. ज्या बाईला तुम्हीच कामाला बोलावलं तिच्या बाबतीत तिचा उपयोग नाही. पाटीचा फोटो आजच काढा, फाटक आणि घरक्रमांक एकाच चौकटीत येतील असा. नोटीस गेली की पाट्या नाहीशा होतात.

लसीकरणाचं म्हणाल तर त्याने रेबीजचा धोका कमी होतो, फाटलेला हात सांधत नाही. त्या कार्डाची प्रत जरूर मागा, कारण त्यावर मालकाचं नाव असतं. उद्या 'तो आमचा नव्हता, भाच्याने ठेवायला आणला होता' ही पळवाट निघाली तर कार्ड आणि मनपाचा श्वान परवाना दोन्ही उपयोगी पडतात. तशीही जबाबदारी कुत्रा ताब्यात ठेवणाऱ्यावर येते, पण वाद जितका आधी संपेल तितका बरा.

---

ड्रेसिंग_टेबल

वरचं सगळं बरोबर, पण फाइलीचं पहिलं पान केस पेपर असतं आणि नव्वद टक्के घोळ तिथेच होतो. ओपीडीत गर्दी असते. डॉक्टर 'डॉग बाइट' एवढे दोन शब्द लिहितात आणि पुढचा पेशंट घेतात. त्या दोन शब्दांतून कुत्रा पाळीव की मोकाट, घटना कुठे, किती वाजता, काहीच कळत नाही. सहा महिन्यांनी समोरचा वकील विचारतो, हाच कुत्रा कशावरून? म्हणून सांगायचं ते नेमकं सांगा : 'कामाच्या घरचा पाळलेला कुत्रा, फाटकाजवळ, सकाळी साडेआठ.' मेडिकलला जा की मेयोला (दोन्ही सरकारी रुग्णालयं), सांगितलेला इतिहास लिहून घेतला जातो. मालकाविरुद्ध जायचं असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण अशी रुग्णालयातली नोंद, करायला सांगा. एमएलसी क्रमांक पडला की पोलिसांना आपोआप कळतं.

तुमच्या दोन्ही फाइलींत पुढच्या गोष्टी तपासा.

जखमेची श्रेणी लिहिली आहे का? कातडी फाटून रक्त आलं की श्रेणी तीन. तिथे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. घोड्यापासूनचं असेल तर कमाल मात्रा किलोमागे 40 युनिट, मानवी असेल तर 20. म्हणजे 52 किलोच्या बाईंना घोड्याचं 2,080 युनिटपर्यंत, 22 किलोच्या मुलाला 880 युनिटपर्यंत. 1,500 युनिटच्या कुप्या असतील तर बाईंच्या बिलात दोन दिसणारच. हा हिशेब का सांगतोय? मालक बिलावर बोट ठेवून म्हणतो, 'दोन-दोन कुप्या कशाला लावल्या?' केस पेपरवर वजन लिहिलेलं असलं की उत्तर तयार. नसेल तर डॉक्टरांकडून त्यांच्याच नोंदीवरून प्रमाणपत्रात लिहून घ्या. स्वतः पेनाने घालू नका, वेगळ्या शाईचा एक आकडा पूर्ण फाइल मारतो.

लसीच्या तारखा. कातडीत देतात ती पद्धत असेल तर 0, 3, 7, 28 अशा चार फेऱ्या, दर वेळी दोन ठिकाणी 0.1 मिली. दंडाच्या स्नायूत देतात ती असेल तर 0, 3, 7, 14, 28 अशा पाच. कार्डावरच्या तारखा आणि रिक्षाच्या खर्चाच्या तारखा जुळायला हव्यात. लस चार दिवस आणि रिक्षा अकरा दिवस असेल तर उरलेले सात दिवस ड्रेसिंगचे होते हे ड्रेसिंगच्या पावतीने दिसू द्या. एखादा डोस चुकला असेल तर लपवू नका. तो जिवाचा प्रश्न आहे, आजच्या आज डॉक्टरांना दाखवा.

फोटो. जखमेशेजारी पट्टी किंवा पाच रुपयाचं नाणं ठेवून, वरून सरळ, उजेडात. पहिल्या दिवशीचा, टाके किंवा ड्रेसिंगनंतरचा, पंधराव्या दिवशीचा आणि मग दर महिन्याचा. एका फोटोत चेहरा आणि हात दोन्ही यावेत, नाहीतर हात कुणाचा हा प्रश्न राहतो. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोतून काढल्याची तारीख-वेळ गळून जाते.

आणखी एक. चाव्याच्या जखमा शक्यतो लगेच शिवत नाहीत, कारण विषाणू आणि घाण आत कोंडली जाते. शिवायच्या झाल्या तर इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर, सैल. त्यामुळे व्रण रुंद राहतो. तो पक्का व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि तोवर प्लास्टिक सर्जनही शेवटचा अंदाज देत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात 'एकदाचं मिटवून टाका' असा कागद करू नका. हातातली पकड, मनगट वळणं, बोटांची बधिरता हे तीन महिन्यांनी पुन्हा तपासून लिहून घ्या. भांडी घासणाऱ्या, कपडे पिळणाऱ्या बाईसाठी पकड म्हणजेच पगार.

जखमेवर मिरची, चुना, हळद लावलेली असेल तर तेही केस पेपरवर येतं आणि 'जखम तुमच्यामुळे चिघळली' म्हणून समोरच्याच्या हाती कोलीत जातं. पुढच्या वेळेसाठी गल्लीत सांगून ठेवा : साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून 15 मिनिटं, आणि मग सरळ दवाखाना.

---

सदर_वाला

एवढं कशाला करून राहिले भाऊ? कोर्टाने दर ठरवून दिलाय ना, दाताच्या प्रत्येक खुणेला 10,000 रुपये. फोटोत दात मोजा आणि मनपाला पत्र द्या. नाहीतर वनखात्याची भरपाई आहेच.

---

झोन_फाइल

तो निकाल पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचा आहे, नोव्हेंबर 2023 चा : दाताच्या प्रत्येक खुणेला किमान 10,000, आणि मांस निघालं असेल तर 0.2 सेंमी जखमेला किमान 20,000. तो पंजाब, हरियाणा आणि चंदीगडच्या प्रशासनांना बंधनकारक. आपल्याकडे दाखला म्हणून जोडा, जरूर जोडा, पण 'दर ठरलेला आहे' असं नोटिशीत लिहिलंत तर पहिल्याच उत्तरात नोटीस खोडून काढतील.

दुसरा गोंधळ खड्ड्यांच्या आदेशाचा होतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख, जखमींना 50,000 ते अडीच लाख असं ठरवलं. त्यात कुत्रे नाहीत. पण स्थानिक संस्थेने कर्तव्यात कसूर केली तर नागरिकाला पैशाने भरपाई द्यावी लागते हे तत्त्व आपल्याच उच्च न्यायालयाचं आहे, म्हणून मनपाविरुद्ध युक्तिवादाला तो चंदीगडच्या निकालापेक्षा जवळचा.

आणि वनखात्याची भरपाई वाघ, बिबट्या, अस्वल, रानडुक्कर अशा वन्यप्राण्यांसाठी आहे. त्या यादीत 'रानकुत्रा' वाचून लोक अर्ज घेऊन जातात बाप्पा! तो कोळसून, पेंच-उमरेडच्या जंगलातला. गल्लीतला मोत्या त्यात बसत नाही.

आता मुलाची फाइल. सात आठवडे गेलेत, म्हणजे साधारण चार महिने उरले, आणि त्यातला एक नोटिशीचा. पुढच्या पंधरवड्यात नोटीस गेलीच पाहिजे. मूल अज्ञान (अल्पवयीन) आहे म्हणून मुदत आपोआप वाढेल या भरवशावर मनपाविरुद्ध थांबू नका.

नोटीस झोन ऑफिसात देऊन भागत नाही. सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात, आयुक्तांच्या नावे, आवक विभागात, शिक्क्यानिशी. झोनला आणि पशुवैद्यकीय विभागाला फक्त प्रती. मुलाच्या वतीने आई किंवा वडील वादमित्र म्हणून सही करतील. मजकुरात दावेदाराचं नाव, राहण्याचा पत्ता, कारण काय आणि मागणी किती हे चारही हवेत. एक जरी राहिलं तर नोटीसच सदोष म्हणून वाद घालतात. जागा 'अमुक लेआउट' एवढीच लिहू नका. विजेच्या खांबाचा क्रमांक, समोरचा घरक्रमांक, आणि शक्य असेल तर नकाशावरची खूण.

नुसतं 'कुत्रा चावला' यावर मनपाची जबाबदारी उभी राहत नाही. कुत्रा मनपाचा नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य असेल. तुम्हाला दाखवायचंय ते असं : 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे निर्बीजीकरण आणि रेबीजविरोधी लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, हे टोळकं अंगावर येतं हे त्यांना आधीच कळवलेलं होतं, आणि तरी काही केलं नाही. म्हणून त्या तीन ऑनलाइन तक्रारी म्हणजे तुमच्या फाइलीचं सोनं. प्रत्येकीचा क्रमांक, दाखल तारीख, निकाली काढल्याची तारीख आणि शेरा यांचा स्क्रीनशॉट नव्हे, पीडीएफ काढा.

मग माहिती अधिकार. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस. विचारायचं ते असं की उत्तरात मत मांडता येऊ नये, कागदच द्यावा लागेल : या तीन तक्रारींवर कुठल्या तारखेला कोणतं पथक गेलं, त्याची नोंदवही, त्या प्रभागात मागच्या बारा महिन्यांत किती कुत्रे पकडले, किती निर्बीजीकरण करून परत सोडले आणि कुठे, त्या पानांच्या सत्यप्रती. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका, 'का' हा शब्द दिसला की अर्ज परत येतो. पथक गेलंच नसताना तक्रार निकाली निघाली असेल तर ते नोंदवहीच सांगते. नोटीस आणि हा अर्ज एकाच दिवशी द्या. एकाची वाट पाहत दुसरं थांबवू नका.

पोळ्या घालणाऱ्या ताईंना सोडा. खायला घालणं म्हणजे पाळणं नव्हे. नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2022 मध्ये कुत्र्यांना खायला घालायचं तर त्यांना रीतसर दत्तक घ्या असं म्हटलं होतं, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्याच नोव्हेंबरमध्ये स्थगिती दिली. लोक त्या आदेशाची पहिली बातमी जपून ठेवतात, दुसरी नाही. कुत्रा रात्री त्यांच्या अंगणात बांधला जातो, गळ्यात पट्टा त्यांचा, डॉक्टरांच्या कार्डावर नाव त्यांचं, असं असेल तर गोष्ट वेगळी, मग तो पाळीवच. तुमच्या लिहिण्यावरून तसं दिसत नाही. उलट त्या ताई तुमच्या साक्षीदार होऊ शकतात : कोणता कुत्रा, किती दिवसांपासून, कानाला निर्बीजीकरणाची खूण होती की नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. गल्ली त्यांच्यावर चिडून तो साक्षीदार गमावते.

ग्राहक आयोगाचा विचारही करू नका. कर भरतो म्हणून आपण मनपाचे ग्राहक ठरत नाही.

---

फाइलवाला_नागपूर

नोटिशीचं लगेच घेतो. कानाची खूण विचारली. त्या ताई सांगतात, चावणाऱ्या तांबड्या कुत्र्याचा कान अख्खा आहे.

पहिल्या फाइलीत दोन अडचणी. बाईंच्या पगाराचा कागद कुठेच नाही, सगळं रोखीत. आणि समोरच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात प्रसंग आलाय, पण ते म्हणतात आम्हाला भानगडीत पाडू नका.

---

झोन_फाइल

अख्खा कान म्हणजे निर्बीजीकरण झालेलंच नाही. नियमाप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर ओळखीसाठी कानाला कट देतात. त्या कुत्र्याचा कान दिसेल असा फोटो, तारखेसह, जवळ न जाता काढून ठेवा.

---

न्यायमंदिर_कट्टा

कॅमेऱ्याचं आधी, कारण जागा भरली की यंत्र जुनं चित्रण पुसून टाकतं, बऱ्याच ठिकाणी आठवडा-पंधरा दिवसांत. शिल्लक असेल तर आजच त्यांना लेखी पत्र द्या की अमुक तारखेचं, सकाळी आठ ते नऊचं चित्रण जपून ठेवा. त्याची प्रत पोलिसांना, म्हणजे तपास अधिकाऱ्यालाच ते घेता येईल आणि शेजाऱ्यांनाही 'पोलिसांनी मागितलं' म्हणायला सोपं जाईल. मोबाइलने पडद्याचं शूटिंग केलेलं कोर्टात टिकवणं कठीण. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं : भाग अ यंत्र सांभाळणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि फाइलचा हॅश क्रमांक (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी आकडा) त्यात लिहिलेला.

पगाराचा कागद नाही म्हणजे पुरावा नाही असं नव्हे. उरलेल्या पाच घरांकडून एकेक साधं पत्र घ्या : किती वर्षांपासून, कोणती कामं, महिन्याला किती, कोणत्या तारखा खाडा. दोन घरांनी काम काढून घेतलं त्यांच्या पत्रात कारणही येऊ द्या. एखाद्या घरून कधी यूपीआयने पैसे आले असतील तर ती नोंद. बाईंची पासबुकातली दरमहाची भरणा, भिशीची वहीसुद्धा चालते. आकड्याला आधार लागतो, सही-शिक्क्याचा सोहळा नाही.

आकडा असा मांडा. 13,500 ला 30 ने भागलं, रोजचे 450. 22 दिवसांचे 9,900. सुटलेली दोन घरं समजा 2,200 ची एकेक, तर महिन्याला 4,400. 22 दिवस संपल्यानंतरचे तीन महिने धरले तर 13,200. ते 22 दिवस दोन्हीकडे मोजू नका, ही चूक पकडली गेली की बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतात. बिलं 14,600. रिक्षा, 11 फेऱ्या, समजा 1,900. इथवर झाले 39,600. हे 'खर्च आणि बुडालेली कमाई' या मथळ्याखाली, प्रत्येक ओळीसमोर जोडपत्राचा क्रमांक. त्यानंतर व्रणावरच्या शस्त्रक्रियेचा अंदाज, तो सर्जनच्या लेटरहेडवर आल्यावरच. आणि शेवटी वेदना, व्रण, हाताची कमी झालेली ताकद यांची एकत्रित मागणी. तिला सूत्र नसतं. कोर्ट ती कमी करतं, पण मागितल्यापेक्षा जास्त सहसा देत नाही, म्हणून संकोचाने मागू नका आणि पाच लाख लिहून स्वतःचं हसंही करून घेऊ नका. साडेतीन सेंमीचा मांस निघालेला व्रण, कमावता हात, दोन कामं गेली. लाखाच्या आसपासची मागणी समर्थनीय आहे. पकड कायमची कमी झाली असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांचं अपंगत्व प्रमाणपत्र घ्या, मग हिशेब मुळातून बदलतो.

वकिलाचा खर्च म्हणून अडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12 : स्त्रिया आणि बालकं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे तुमच्या दोन्ही फाइली बसतात. सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा 15100 वर फोन. मालकाच्या फाइलीत तिथूनच दावापूर्व तडजोडीची नोटीस काढून घ्या. प्राधिकरणाच्या कागदावर बोलावणं आलं की बंगलेवाल्यांची भाषा पाटीवरून रकमेवर येते, असं साधारण दिसतं.

---

विमा_टेबल

थोडकं. मालकाला लेखी विचारा, कुत्र्याचा विमा आहे का. श्वान विम्यात बऱ्याचदा तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण असतं. असेल तर पैसे त्यांच्या खिशातून जायचेच नाहीत, आणि वाद अर्धा संपतो. अशा पॉलिसीत कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करू नये अशी अट असते. म्हणून मालक अचानक गप्प झाला तर तो मुजोरपणाच असेल असं नाही.

जखमींच्या बाजूने : साध्या मेडिक्लेममध्ये 24 तास भरती नसेल तर लसीचा ओपीडी खर्च सहसा मिळत नाही. मेडिक्लेममधून काही मिळालंच तर तीच बिलं मालकाकडे पुन्हा मागू नका.

कुत्रा आडवा येऊन दुचाकीवरून पडल्याची प्रकरणंही याच धाग्यावर येतील, म्हणून सांगून ठेवतो : चालक-मालकाचं सक्तीचं अपघात संरक्षण 15 लाखांचं असतं, पण ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वापुरतं. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर निम्मं. हाड मोडून जुळलं तर त्यातून काही येत नाही. लायसन्स वैध हवं.

---

फाइलवाला_नागपूर

मालकांचा निरोप आला : 25,000 रोख घ्या, एका स्टॅम्प पेपरवर सही करा, 'यापुढे कोणतीही तक्रार नाही'. बाईंना पैशांची नड आहे. घ्यावेत का?

---

न्यायमंदिर_कट्टा

पैसे घ्यावेत, ती सही नको. पावती अशी लिहा : 'दिनांक अमुकच्या दंशाच्या उपचारखर्चापोटी आणि बुडालेल्या मजुरीपोटी 25,000 रुपये अंशतः मिळाले. व्रणावरची पुढील शस्त्रक्रिया, हाताची कायमची हानी आणि उरलेली रक्कम यांचा हक्क राखून.' रोख नको, बाईंच्या खात्यात. खात्यातली नोंद हाच पुरावा होतो की कुत्रा आपला आहे हे मालकांना मान्य आहे. पुढे हे 25,000 आपल्या मागणीतून वजा दाखवायचे.

ते 'संपूर्ण आणि अंतिम' या तीन शब्दांवरच अडून बसले तर मग आकडा 25,000 चा नाही. आत्ताच खर्च आणि कमाई 39,600 आहे, सर्जनचा अंदाज अजून यायचाय. आणि एक, तक्रार मागे घेण्याचं वचन त्या कागदात लिहून देऊ नका. गुन्हा नोंदला गेल्यावर तो दोघांच्या आपसातल्या कागदाने मिटत नाही, आणि बाई उगाच दोन्हीकडून अडकतील. तडजोड प्राधिकरणासमोर झाली तर तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो. घरी बसून केलेल्या स्टॅम्प पेपरसाठी पुन्हा दावाच लावावा लागतो.

मुलाच्या बाबतीत मनपाशी तडजोड झाली, आणि दावा तोवर दाखल असेल, तर कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय वडिलांची सही चालत नाही. रक्कम बहुधा मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायला सांगतात. उपचाराचे झालेले पैसे लगेच हवे असतील तर तसा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या.

---

फाइलवाला_नागपूर

पावतीचा मजकूर उतरवून घेतला. नोटीस सोमवारी मुख्यालयात देतो, माहिती अधिकाराचा अर्ज त्याच फेरीत. आवक क्रमांक मिळाले की इथे टाकतो.

---

ड्रेसिंग_टेबल

मुलाच्या लसीचा 28 व्या दिवसाचा डोस झालाय ना, तेवढं आधी कार्डावर बघा. सात आठवड्यांच्या फाइलीत हा एक रकाना रिकामा सापडतोच.

---

फाइलवाला_नागपूर

बघितलं. रिकामाच आहे. उद्या सकाळी घेऊन जातोय.

---

ड्रेसिंग_टेबल

जुनं कार्ड आणि केस पेपर दोन्ही सोबत न्या, आधीच्या तीन डोसांच्या तारखा डॉक्टरांना दिसू द्या. नवीन कार्ड करून घेऊ नका. उद्याचा डोस उद्याच्याच तारखेने त्याच कार्डावर, त्याच रकान्यात लिहून घ्या.